मशरूम, पेव आणि चक्रवाढ: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात: झपाट्याने होणाऱ्या वाढीसाठी इंग्रजीत वापरले जाणारे शब्द. म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न (शिक्षिका, जुळे सोलापूर): दहावीच्या मुलांना भाषांतरासाठी 'कोचिंग क्लासेस हॅव मशरूम्ड इन द सिटी' हे वाक्य दिले होते. एकाने लिहिले, 'शहरात क्लासेस झपाट्याने वाढले आहेत.' दुसऱ्याने लिहिले, 'शहरात क्लासेसचे पेव फुटले आहे.' मूळ वाक्यात पेव कुठेच नाही, म्हणून दुसऱ्याचा अर्धा गुण कापला. आता वाटते, चूक तर झाली नाही? आणि 'मशरूम' हे क्रियापद कसे वापरायचे तेही सांगा.

उत्तर: बाई, तो अर्धा गुण परत द्या. दोघांत सरस भाषांतर त्याचेच आहे.

'झपाट्याने वाढले' यात वेग आला, पण मूळ क्रियापदात वेगाखेरीज आणखी दोन गोष्टी आहेत. एक, संख्या: ठिकठिकाणी, एकदम, पुष्कळ. दुसरी, बोलणाऱ्याची किंचित नापसंती: कुणी ठरवून, आखून केलेले हे काम नव्हे, आपोआप उगवले आहे. एखाद्या कारखान्याचे उत्पादन योजनेप्रमाणे दुप्पट झाले तर चांगला इंग्रजी लेखक तिथे 'मशरूम्ड' लिहिणार नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजीत 'मशरूम' हे नाम रातोरात वर आलेल्या माणसासाठी हिणवून वापरले जात असे. तो वास क्रियापदाला अजून चिकटून आहे.

हे शब्दचित्र नीट कळायचे तर अळिंबी, म्हणजे मशरूम, कशी उगवते ते पाहावे. धिंगरी (ऑयस्टर) जातीची अळिंबी घरच्या खोलीतही घेता येते. गव्हाचे किंवा सोयाबीनचे काड 3 ते 5 सेंटिमीटर लांबीचे तुकडे करून रात्रभर भिजवतात, गरम पाण्यात तासभर ठेवून निर्जंतुक करतात आणि निथळतात. मग प्लास्टिकच्या पिशवीत काडाचा थर, त्यावर बियाणे, पुन्हा काड असे भरत जातात. बियाणे ओल्या काडाच्या वजनाच्या साधारण 2 टक्के लागते. पिशवी बांधून, बारीक भोके पाडून अंधाऱ्या खोलीत टांगली की पंधरा ते वीस दिवस बाहेरून काही घडताना दिसत नाही. आत मात्र पांढऱ्या धाग्यांचे जाळे सगळ्या काडात पसरत असते. ते पुरते पसरले, पिशवी काढून पाणी फवारले, की टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके दिसतात आणि तीन-चार दिवसांत तळहाताएवढ्या छत्र्या होतात. काड नीट निथळले नाही तर हिरवी बुरशी येते, आणि सोलापूरचा उन्हाळा धिंगरीला सोसत नाही. पण आपल्याला हवा तो मुद्दा शेवटच्या तीन-चार दिवसांचा. ठिपक्यात पेशी बहुतेक तयार असतात, त्या फक्त पाणी शोषून फुगतात. म्हणून ती वाढ डोळ्यांदेखत होते. तयारी आधीची, दर्शन अचानक. क्लासेसचेही तसेच असते: शाळांवरचा विश्वास कमी होणे, प्रवेशपरीक्षा वाढणे हे जाळे अनेक वर्षे पसरत असते, पाट्या मात्र एका जूनमध्ये दिसतात.

आता पेव. पेव म्हणजे जमिनीत खणलेले धान्याचे कोठार. मंगळवेढ्याकडच्या जुन्या माणसांना विचारा, ज्वारीची पेवे त्यांनी पाहिलेली असतील. मुरमाची कडक, कोरडी जागा निवडायची. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढे, पोट मात्र रुंद. आतून काड आणि भुसा लावून घ्यायचा, ज्वारी भरायची, वर दगड ठेवून मातीने लिंपून टाकायचे. आतली हवा संपली की किडेही मरतात, म्हणून धान्य टिकते. धोकाही त्यातच. धान्य श्वसन करते, प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. म्हणून उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नाही. आधी तोंड मोकळे ठेवायचे, मग कंदील सोडायचा. तो विझला तर थांबायचे. ही दक्षता न घेतल्याने पेवात माणसे गुदमरून गेली आहेत. एकदा तोंड उघडून हवा गेली की धान्य सहसा तिथे ठेवत नाहीत, सगळे वर काढतात. काल जिथे सपाट जमीन दिसत होती तिथे आज ज्वारीची रास. म्हणजे अळिंबीसारखेच: साठा नजरेआड, आणि बाहेर येणे एकदम. म्हणून 'पेव फुटणे' हा 'मशरूम'ला इतका चपखल बसतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात कोठार लोकांसाठी उघडले ही कथा सांगून वर्गात हा वाक्प्रचार समजावला तर मुलांच्या कायमचा लक्षात राहील.

'कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवले' हे शब्दशः जवळचे आहे, पण त्यात तिरस्कार जास्त. मूळ लेखक नुसता नाराज असेल तर ते नको. आणखी जवळचे शब्द आहेत, मात्र प्रत्येकाची विभक्ती आणि कर्ता वेगळा, आणि मुलांचे गुण तिथेच जातात. पेव 'चे' घेते: अफवांचे पेव फुटले. ऊत 'ला' घेतो: अफवांना ऊत आला. ऊत हा दुधाचा आहे. तो येतो आणि ओसरतो, म्हणून चर्चा, अफवा, उत्साह यांना शोभतो, इमारतींना नाही. सुळसुळाट हलत्याफिरत्यांचा असतो: उंदरांचा, भोंदूंचा, दलालांचा. क्लासचालकांचा सुळसुळाट म्हणता येईल, क्लासच्या इमारतींचा नाही. बोकाळणे आणि माजणे यांत रोखायला हवे होते अशी तक्रार आहे. फोफावणे त्या मानाने सौम्य. ते तणालाही चालते आणि धंद्यालाही.

क्रियापदाच्या वापराबद्दल थोडक्यात. 'मशरूम' अकर्मक आहे. 'सरकारने शाळा मशरूम केल्या' अशा अर्थाचे वाक्य इंग्रजीत होत नाही. शाळाच मशरूम होतात. कर्ता अनेकवचनी असेल तर संख्या वाढली असा अर्थ (दुकाने, क्लासेस, झोपड्या) आणि एकवचनी असेल तर तीच एक गोष्ट फुगली असा (खर्च, कर्ज, वाद). दुसऱ्या प्रकारात पुढे बहुधा 'इंटू' येते: किरकोळ बाचाबाची 'मशरूम्ड इंटू' दंगल. मराठीत इथे पेव चालणार नाही. 'बाचाबाचीचे पर्यवसान दंगलीत झाले' किंवा 'वाद चिघळत जाऊन दंगल पेटली' असे लिहावे. एक तिसरा अर्थही आहे, छत्रीचा आकार घेणे: धूर वर जाऊन मशरूम होतो, बंदुकीची गोळी आदळल्यावर टोकाशी पसरते तिलाही हेच क्रियापद लावतात. तिथे वाढीचा संबंध नाही.

प्रश्न (टॉवेल निर्यात व्यवसायातील लेखापाल, अक्कलकोट रोड एमआयडीसी): वार्षिक अहवालात 'ऑर्डर्स ग्रू एक्स्पोनेन्शियली' असे लिहिले होते. तपासणाऱ्या सीएंनी ते वाक्य खोडले. चार तिमाहींचे आकडे 8,000, 10,000, 12,000 आणि 14,000 डझन. वर्षात पाऊणपट वाढ कमी आहे का?

उत्तर: वाढ उत्तम आहे, शब्द चुकीचा आहे. सीएंनी योग्य केले.

'एक्स्पोनेन्शियल' म्हणजे 'फार वेगाने' नव्हे. तो वाढीच्या एका ठरावीक प्रकाराचा शब्द आहे. 'एक्स्पोनंट' म्हणजे घातांक. हा शब्द 1544 साली मिखाएल श्टिफेल या जर्मन गणितज्ञाने वापरात आणला. ज्या वाढीत प्रत्येक कालखंडात आधीच्या आकड्याला तीच संख्या गुणली जाते ती घातांकी वाढ. ठरावीक रक्कम मिळवली जाते ती नव्हे. तपासणी एका मिनिटाची आहे: प्रत्येक आकड्याला आधीच्या आकड्याने भागा. उत्तर दर वेळी जवळपास सारखे आले तर घातांकी.

तुमच्या आकड्यांवर करून पाहू. 10,000 भागिले 8,000 म्हणजे 1.25. पुढचे 1.20. त्याच्या पुढचे 1.17. भागाकार उतरत चालला आहे. वजाबाकी मात्र दर वेळी तीच, 2,000. म्हणजे वाढ सरळ रेषेतली आहे. पहिल्या तिमाहीचा 1.25 हा गुणक कायम राहिला असता तर क्रम 8,000, 10,000, 12,500, 15,625 असा गेला असता. चौथ्या आकड्यापर्यंत फरक थोडा दिसतो, म्हणून फसगत होते. पण पहिल्या आकड्यापासून तीन वर्षे पुढे, म्हणजे बारा तिमाहींनंतर, सरळ वाढ 32,000 डझनांवर पोचते आणि घातांकी वाढ 1,16,000 डझनांच्या पलीकडे. अहवालात 'एक्स्पोनेन्शियल' वाचून बँक किंवा परदेशी खरेदीदार हा दुसरा आकडा मनात धरतो. शेडमधले माग तेवढेच, दिवसाचे तास 24, सूत मिळण्याला मर्यादा. तो आकडा तुम्ही गाठणार नाही, आणि मग तुमच्या बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

या शब्दाला मराठीत घरचा शब्द आहे आणि तो शाळेत सगळे शिकतो: चक्रवाढ. शेकडा 3 रुपये महिना या दराने 10,000 रुपये कर्ज घेतले, आणि व्याज दर महिन्याला मुदलात मिळवले गेले, तर वर्षाने देणे 14,258, दोन वर्षांनी 20,328, तीन वर्षांनी 28,983 रुपये होते. तेच सरळव्याजाने 13,600, 17,200, 20,800. पहिल्या वर्षाचा फरक 658 रुपयांचा, तिसऱ्याचा आठ हजारांच्या वर. सावकारी कर्जात माणूस पहिल्या वर्षी सावध होत नाही याचे कारण हेच आहे. दुप्पट व्हायला किती काळ लागेल ते काढायला 72 ला दराने भागावे: 72 भागिले 3, चोवीस महिने. दर लहान असेल तोवर हा ठोकताळा चांगला चालतो.

याचाच दुसरा अर्थ असा की घातांकी वाढ मंदही असू शकते. वर्षाला 1 टक्क्याने वाढणारी लोकसंख्या घातांकीच वाढत असते, फक्त दुप्पट व्हायला तिला सुमारे 70 वर्षे लागतात. आणि वेगवान दिसणारी वाढ अजिबात घातांकी नसू शकते. आपल्या शहराचेच पाहा. जनगणनेत सोलापूर 1991 साली सुमारे 6 लाख, 2001 साली सुमारे 8 लाख 72 हजार, 2011 साली 9 लाख 51 हजार. पहिल्या दशकात सुमारे 44 टक्के वाढ, दुसऱ्यात 9 टक्के. नुसते पहिले दोन आकडे पाहणारा 'एक्स्पोनेन्शियल' म्हणून मोकळा होईल. पण त्या उडीमागे 1992 ची हद्दवाढ आहे. आजूबाजूची गावे शहरात आली आणि तिथली माणसे एका रेघेने सोलापूरकर झाली. म्हणून किमान तीन आकडे, शक्यतो चार असल्याशिवाय हा शब्द लिहू नये, आणि मोजण्याची हद्द मध्ये बदलली का ते आधी विचारावे.

अहवालात काय लिहावे? 'ऑर्डर्समध्ये दर तिमाहीला 2,000 डझनांची सातत्याने वाढ झाली आणि वर्षात त्या पाऊणपटीने वाढल्या.' खरेदीदाराला सातत्य जास्त आवडते. मराठी प्रत काढताना एक खड्डा टाळा: 'दुप्पट झाल्या' आणि 'दुपटीने वाढल्या'. 100 चे 200 झाले तर 'दुप्पट झाल्या' किंवा '100 टक्क्यांनी वाढल्या'. 'दुपटीने वाढल्या' याचा अर्थ काहीजण 200 घेतात, काहीजण 300. पैशांच्या कागदात असा शब्द ठेवू नये. तसेच 8 टक्के नफा 10 टक्के झाला तर तो 2 टक्क्यांनी वाढला असे लिहू नका. तो 2 टक्केबिंदूंनी वाढला, आणि टक्क्यांत सांगायचे तर 25 टक्क्यांनी.

प्रश्न (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, पंढरपूर): 'प्रोलिफरेशन'चे मराठी 'प्रसार' असे पाठ केले आहे. मग 'प्रोलिफिक रायटर' म्हणजे प्रसार करणारा लेखक का?

उत्तर: नाही, भरपूर लिहिणारा लेखक. दोन्ही शब्दांच्या मुळाशी लॅटिन 'प्रोलेस' आहे, म्हणजे संतती. प्रोलिफिक म्हणजे बहुप्रसव, प्रोलिफरेट होणे म्हणजे पिलावळ वाढत जाणे. ('प्रोलेटेरिएट' हा शब्दही त्याच घरचा: ज्यांच्याकडे राज्याला देण्यासारखे मुलांखेरीज काही नाही तो वर्ग.) म्हणून शरीरशास्त्रात पेशींचे प्रोलिफरेशन म्हणजे पेशी विभागून विभागून त्यांची संख्या वाढणे. 'पेशींचा प्रसार' लिहिले तर पेशी दुसरीकडे गेल्या असा अर्थ होईल, आणि कर्करोगाच्या संदर्भात ती गंभीर चूक ठरते, कारण तिथे वाढणे आणि पसरणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत.

'प्रसार' रूढ झाला तो अण्वस्त्र प्रसारबंदी करारामुळे. हा करार 1968 साली सह्यांसाठी खुला झाला आणि 1970 पासून अमलात आला. भारताने त्यावर सही केलेली नाही. मराठी नावात अर्थाचा निम्मा भाग सुटला आहे, हे परीक्षेसाठी लक्षात ठेवण्यासारखे. नव्या देशांकडे अण्वस्त्रे जाणे हे आडवे प्रोलिफरेशन, आणि ज्यांच्याकडे आहेत त्यांनी साठा वाढवत नेणे हे उभे. 'प्रसार' म्हटल्यावर फक्त आडवे डोळ्यापुढे येते. कराराचे रूढ नाव बदलायचे नाही, पण उत्तरात ही दोन अंगे नोंदवा.

प्रश्न (द्राक्ष बागायतदार, कासेगाव): निर्यातीच्या इंग्रजी पत्रकात 'बर्जनिंग मार्केट' असे होते. शब्दकोशात 'भरभराटीचा' दिले आहे. खरेच तितकी मोठी बाजारपेठ समजायची का?

उत्तर: तेवढ्यावर विसंबून माल पाठवू नका. हा शब्द तुमच्या बागेतलाच आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'बुर्जोन' म्हणजे कळी, अंकुर. ऑक्टोबर छाटणीनंतर काडीवर पेस्ट लावता आणि आठ-दहा दिवसांनी डोळे फुगून फुटायला लागतात, नेमकी ती अवस्था म्हणजे 'बर्जन'. डोळे फुटले म्हणजे घड आले नव्हेत, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. मूळ अर्थाने बर्जनिंग मार्केट म्हणजे नुकतीच धुमारे फुटलेली, आशा दाखवणारी बाजारपेठ. आजच्या इंग्रजीत पुष्कळजण तो 'वेगाने वाढणारी' या अर्थाने सैल वापरतात आणि काही काटेकोर लेखक त्याला हरकत घेतात. पत्रक लिहिणाऱ्याला कोणता अर्थ अभिप्रेत होता ते शब्दावरून कळणार नाही. म्हणून मागील तीन हंगामांत तिथे किती टन माल गेला आणि काय भाव मिळाला, हे आकडे मागवा आणि वरच्या उत्तरातला भागाकार करून पाहा. भाषांतर करायचे तर 'बहरू लागलेली बाजारपेठ'. यातला 'लागलेली' गाळू नका.

प्रश्न (वाचक, बाळे): टोलनाक्यावरच्या आडव्या दांड्याला बूम बॅरियर म्हणतात. जमिनीच्या भावात 'बूम' येतो तो हाच का? आणि बूम आला म्हणावे की आली?

उत्तर: दोन वेगळे शब्द, योगायोगाने एका उच्चाराचे. दांड्याचा बूम डच भाषेतून आला. तिथे 'बूम' म्हणजे झाड, खांब. ट्रॅक्टरच्या बूम स्प्रेअरचा आडवा दांडा आणि चित्रीकरणात माइक लोंबता धरतात तो बूम, हे त्याच कुळातले. बाजारातला बूम 1870 च्या दशकात अमेरिकेत रूढ झाला. त्याच्या मागे मोठ्या आवाजाचा 'बूम' असावा असे मानतात.

बाजारासाठी 'तेजी' हा शब्द असताना बूमचे लिंग ठरवत बसायचे कारण नाही: जमिनीच्या भावात तेजी आली. विरुद्ध शब्दही जोडीचाच आहे, बूम अँड बस्ट म्हणजे तेजी-मंदी. बाजाराबाहेर मात्र तेजी चालत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या 'बेबी बूम'ला 'जन्मदरातील उसळी' म्हणावे. उसळी हा शब्द दोन्हीकडे चालतो आणि ती खाली येणार हेही त्यात आहे.

कारण बूममध्ये अल्पकाळ गृहीत आहे. म्हणून तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याला, गिरण्यांच्या काळात सोलापुरात बूम होता याला, आमची हरकत आहे. 1860 च्या सुमारास रेल्वे आली, 1877 मध्ये 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाली, पुढे एकेक गिरणी उभी राहत गेली आणि भोंग्याच्या वेळेवर चालणारे गाव तयार झाले. पिढ्यान् पिढ्या टिकलेल्या अशा वाढीला भरभराट म्हणतात.